व्हेनिसमध्ये जेवणाचा खर्च: पैसे पदार्थाचे कमी, खुर्चीचे जास्त

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मे महिन्यात तुम्ही चौघं व्हेनिसला तीन रात्री राहणार: तुम्ही दोघं, दहा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीच्या सासूबाई. सासूबाई शाकाहारी आहेत, अंडंही खात नाहीत आणि गुडघ्यांमुळे फार वेळ उभ्या राहू शकत नाहीत. खाण्यापिण्यासाठी चौघांचे मिळून दिवसाला शंभर युरो धरलेत, पण जो तो सांगतोय की तिथे माणशी एका जेवणाला तीस-चाळीस युरो मोजावे लागतात. म्हणून ठेपले, तयार भाज्यांची पाकिटं आणि छोटी इंडक्शन शेगडी न्यावी का, की व्हेनिसशेजारच्या मेस्त्रे गावात स्वस्तात राहून रोज ये-जा करावी, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं छोट्या मराठी गटांना घेऊन इटलीत जाते. गटाच्या जेवणाचे पैसे माझ्या हातून खर्च होतात, त्यामुळे व्हेनिसमध्ये ते कुठे गळतात हे मला रोज बिलांवर दिसतं. शंभर युरोत तुमचं भागेल. शेगडी नेऊ नका. मेस्त्रेचं उत्तर मात्र तुम्हाला संध्याकाळ कशी घालवायची आहे त्यावर अवलंबून आहे, त्याकडे शेवटी येते.

आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते पाहू. व्हेनिसमध्ये खाणं महाग, असं सरसकट म्हटलं जातं. पण त्याच गावात, त्याच दिवशी, काउंटरपाशी उभं राहून घेतलेली एस्प्रेसो साधारण दीड युरोला मिळते आणि सान मार्कोच्या मुख्य चौकात खुर्चीवर बसून घेतली तर तिचे कितीतरी पट होतात. १७२० मध्ये सुरू झालेलं फ्लोरियान आणि त्या चौकातली इतर जुनी कॅफे यांच्यासमोर वाद्यवृंद वाजत असेल तर संगीताचे माणशी वेगळे पैसे लागतात. यात लपवाछपवी नाही, दरपत्रकावर ते लिहिलेलं असतं. कॉफी तीच, फरक खुर्चीचा. हाच हिशोब थोड्याफार फरकाने जेवणालाही लागू होतो.

आता ते माणशी तीस-चाळीस कसे होतात ते बघा. दुपारचा दीड वाजलाय, डोजेचा राजवाडा बघून तुम्ही बाहेर पडलात, मुलगा भुकेने कुरकुरतोय, सासूबाईंना कुठेतरी टेकायचंय. समोर सावलीत खुर्च्या मांडलेल्या, फोटोंचा मेन्यू, दारात बोलावणारा माणूस. तुम्ही बसता. चार पास्ता अठरा-अठराचे, म्हणजे बहात्तर. माणशी चार युरो कोपेर्तो, म्हणजे नुसतं टेबलावर बसण्याचे सोळा. पाण्याच्या दोन बाटल्या बारा, दोन कोल्ड्रिंक बारा. झाले एकशेबारा. त्यावर बारा टक्के सेर्वित्सिओ, म्हणजे वाढण्याचा आकार. बिल सव्वाशे. त्यातले खाण्याचे बहात्तर, बाकीचे त्रेपन्न जागेचे, पाण्याचे आणि आकाराचे. ठेपले नेऊन यातलं काहीही वाचत नाही, कारण दीड वाजता ठेपला खायलाही बसायला जागा लागते आणि तिथे ती नसते.

म्हणून माझा नियम असा: दिवसातून एकदाच पैसे देऊन बसायचं आणि ते कुठे, हे सकाळीच ठरवून निघायचं. बाकीच्या वेळा उभ्याने, चालता चालता किंवा घरी. जे बसून जेवायचं ते मात्र नीट, मनापासून जेवायचं. माणसं तीन दिवस कोरड्या सँडविचवर काढतात आणि चौथ्या दिवशी वैतागून महागड्या जागी जाऊन सगळं वाचवलेलं घालवून येतात. तसं करू नका.

त्या एका जेवणासाठी मेन्यू वाचायची एक पद्धत आहे. आधी पदार्थ वाचू नका, सगळ्यात खालची बारीक अक्षरातली ओळ वाचा. कोपेर्तो किती आणि सेर्वित्सिओ आहे का, ते तिथे असतं. कोपेर्तो दोन-अडीच युरो आणि सेर्वित्सिओ नाही, अशी जागा बसायला चांगली. दोन्ही आहेत आणि कोपेर्तो चारच्या वर आहे, तर पुढे चला. टीप देण्याची तिथे सक्ती नाही, कोपेर्तो दिल्यावर तर मुळीच संकोच करू नका. पदार्थाच्या नावापुढे फुली (*) असेल तर खाली तिचा अर्थ दिलेला असतो, बहुतेकदा गोठवलेला माल. निम्म्या मेन्यूवर फुल्या असतील तर स्वयंपाकघरात काय चालतं ते कळतं. आधी पास्ता, मग मुख्य पदार्थ, असं क्रमाने सगळं मागवण्याचं बंधन नाही. एकेक पदार्थ घेऊन उठलात तरी कुणी काही म्हणत नाही. मुलासाठी अर्धी थाळी मिळेल का, हे जरूर विचारा. ‘मेझ्झा पोर्त्सिओने’ म्हटलं की कळतं.

मासे खाणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मेन्यूवर माशापुढे ‘आठ युरो’ लिहिलेलं दिसलं तर त्याच्या बाजूला ‘एत्तो’ हा शब्द आहे का ते पाहा. एत्तो म्हणजे शंभर ग्रॅम. माझ्या गटातलं एक जोडपं एकदा स्वतंत्र जेवायला गेलं. वेटरने ताटात अख्खा मासा आणून दाखवला, यांनी कौतुकाने मान डोलावली. तो मासा सव्वा किलोचा होता आणि बिलात नुसत्या माशाचे शंभर युरो लागले. दर छापलेला होता, फक्त तो शंभर ग्रॅमचा होता. ताटात मासा दाखवायला आणला की तेव्हाच बोटाने दाखवून ‘क्वांतो पेझा?’ विचारायचं. वजन किती, एवढंच. नको असेल तर नको म्हणायला तीच वेळ असते. खरोखरची लूट होते तेव्हा तक्रारही करता येते: २०१८ मध्ये चार जपानी विद्यार्थ्यांना सान मार्कोजवळच्या एका रेस्तराँत अकराशे युरोंवर बिल आलं, त्यांनी पोलिसांत तक्रार केली आणि त्या जागेला दंड झाला. म्हणून छापील पावती हातात आल्याशिवाय उठू नका.

वेळेचं गणित आपल्या लोकांना फार महागात पडतं. इटलीतली साधी, चांगली खानावळ दुपारी बारा ते अडीच आणि संध्याकाळी सात ते दहा एवढीच चालते. मधल्या वेळात स्वयंपाकघर बंद. आपण फिरत फिरत साडेतीनला जेवायला निघालो की उघड्या असतात त्या फक्त दिवसभर पर्यटकांसाठी चालणाऱ्या जागा. तेव्हा दुपारचं खाणं साडेबाराला उरकायचं, भूक असो वा नसो. चार वाजता फळं किंवा जिलातो, म्हणजे तिथलं आइस्क्रीम. मग रात्रीच्या जेवणाला साडेसातला टेबल मिळतं, तोवर सासूबाईंचे हालही होत नाहीत.

सकाळचा नाश्ता हॉटेलच्या भाड्यात असेल तर तिथेच पोटभर करा. वेगळे माणशी बारा-पंधरा युरो मागत असतील तर नको म्हणा. कोपऱ्यावरच्या बारमध्ये काउंटरशी उभं राहून कापुचिनो आणि एक कोर्नेत्तो, म्हणजे क्रुआसाँसारखा गोडसर पाव, साधारण तीन-साडेतीन युरोत होतो. काही ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून ती चिठ्ठी कॉफी करणाऱ्यासमोर ठेवायची असते, शेजारचा माणूस काय करतो ते पाहा आणि तसंच करा. दरपत्रकात ‘बांको’ आणि ‘तावोलो’ असे दोन रकाने दिसतील: काउंटरचा दर आणि टेबलाचा दर. काउंटरच्या दराने घेतलेला कप उचलून टेबलावर जाऊन बसायचं नाही. आपल्याला त्यात गैर वाटत नाही, त्यांना वाटतं, आणि मग टेबलाचा दर लावतात किंवा उठवतात. कोर्नेत्तोत बहुतेक वेळा अंडं असतं, त्यामुळे सासूबाईंना पाव, लोणी-जॅम किंवा बिस्किटं आणि चहा खोलीवरच देऊन निघणं सोयीचं.

दुपारच्या खाण्यासाठी व्हेनिसने स्वतःची फार चांगली सोय करून ठेवली आहे. तिला बाकारो म्हणतात. अरुंद दुकान, काचेच्या पेटीत मांडलेले छोटे छोटे घास, माणसं उभ्याने खातायत, बोलतायत, दहा-पंधरा मिनिटांत पुढे निघतायत. त्या घासांना चिकेत्ती म्हणतात. पावाच्या चकतीवर काहीतरी रचलेलं, नाहीतर तळलेलं, दीडपासून तीन युरोपर्यंत एक. दोर्सोदुरो भागात सान त्रोवासोच्या कालव्यावर, गोंदोला दुरुस्त करण्याच्या जुन्या लाकडी कारखान्याच्या समोरच स्किआवीचं दुकान आहे. आत वाइनच्या बाटल्यांच्या भिंती, काचेमागे चकत्यांच्या रांगा. बोटाने दाखवायचं, कागदी थाळीत चार घ्यायच्या, दारापाशी उभं राहून खायच्या. रिआल्तोच्या बाजारामागे कान्तिना दो मोरी आहे, आपला जन्म १४६२ चा सांगणारी, काळोखी आणि छताला तांब्याची भांडी टांगलेली. अशा जागी तुम्ही दोघं आणि मुलगा मिळून वीस-बावीस युरोत समाधानाने खाता, आणि व्हेनिसची माणसं जे खातात तेच खाता. सुकवलेल्या कॉडचं लोण्यासारखं घोटलेलं वाटण, ‘बाकाला मान्तेकातो’, मासे खात असाल तर चुकवू नका. काही बाकारी दुपारी अडीचच्या सुमाराला बंद होतात, बऱ्याच रात्री लवकर मिटतात, रविवारी बऱ्याच उघडतच नाहीत.

आता सासूबाई. हा सगळा सल्ला उभं राहू शकणाऱ्या, सगळं खाणाऱ्या माणसाला लागू पडतो, त्यांना नाही. त्यांच्यासाठी वेगळा विचार करायला हवा, आणि तो नीट केला तर खर्च वाढत नाही.

आधी खाण्याचं. ‘शाकाहारी’ म्हटल्यावर इटलीत ट्यूना पुढे करणारे भेटतात, म्हणून ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा उओवा’ असं तीनही सांगा: मांस नको, मासे नको, अंडं नको. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तो सासूबाईंच्या पर्समध्ये ठेवा आणि दाखवा. त्रिकोणी त्रामेद्झीनो सँडविच स्वस्त आणि छान असतात, पण त्यांत बहुधा मेयोनेज असतं, म्हणजे अंडं. तळलेल्या चीजच्या सँडविचमध्ये व्हेनिसला अँकोव्ही मासा घालायची पद्धत आहे. रिसोत्तो बहुतेकदा मांसाच्या किंवा माशाच्या पाण्यात शिजतो. बाहेरून निरागस दिसणाऱ्या पास्ता-राजम्याच्या सुपात डुकराचा तुकडा असू शकतो. ताज्या पास्त्यात अंडं असतं, कोरड्या स्पॅगेट्टी-पेन्नेमध्ये सहसा नसतं. आणि पार्मिजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेट या विकरानेच विरजतात. हे चालतं की नाही ते घरीच सासूबाईंना विचारून ठरवा, टेबलावर बसल्यावर नको. चालत नसेल तर मारिनारा पिझ्झा मागवा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, ऑलिव्ह तेल, चीज अजिबात नाही. मेन्यूवरचा तो बहुधा सगळ्यात स्वस्त पिझ्झा असतो. वर भाजलेलं वांगं किंवा झुकिनी घालून मागता येते. माझ्या गटातल्या कितीतरी आजींनी तो आवडीने खाल्लाय.

दुपारी त्यांच्यासाठी बेकरीतून फोकाच्चा किंवा भाज्यांच्या पिझ्झाचा तुकडा घ्या. साधारण तीन-चार युरोत एक वेळ होते. तो घेऊन फुकट बसायची जागा गाठायची. जागा मात्र विचारपूर्वक निवडा. सान मार्कोच्या चौकात, पुलांच्या पायऱ्यांवर, चर्चच्या कठड्यावर किंवा जमिनीवर बसून खायला मनाई आहे आणि दंड शंभर-दोनशे युरोंच्या घरात जातो. एका दंडात तुमच्या तीन दिवसांची सगळी काटकसर धुऊन निघते. २०१९ च्या जुलैत रिआल्तो पुलाच्या पायथ्याशी छोट्या स्टोव्हवर कॉफी करत बसलेल्या दोन जर्मन पर्यटकांना साडेनऊशे युरो दंड झाला होता. बाकड्यावर बसून नीटपणे पावाचा तुकडा खाणाऱ्याला मात्र कुणी त्रास दिलेला मी पाहिलेला नाही. सान पोलोचं काम्पो (म्हणजे चौक), सान जाकोमो दाल्लोरिओचं काम्पो, कास्तेल्लो भागातली जार्दिनीची बाग, इथे झाडाखाली बाकडी आहेत आणि स्थानिक आजीआजोबाही तिथे बसलेले असतात. सान जाकोमोला मुलाला चेंडू खेळायला सोबतीही मिळतील. खाऊन झाल्यावर कागद पिशवीत भरून घ्या. आणि सान मार्को-रिआल्तोच्या आसपास हातात सँडविच उघडं धरून चालू नका, तिथले सीगल पक्षी खांद्यामागून येऊन अख्खं सँडविच उचलतात.

म्हणजे दुपारचं चित्र असं: तुम्ही दोघांनी बाकारोतून थाळी बांधून आणायची, सासूबाई आणि मुलगा बाकड्यावर, त्यांच्या हातात फोकाच्चा आणि फळं. अर्धा तास निवांत बसणं होतं आणि खुर्चीचे पैसे लागत नाहीत. तुमचं त्या दिवशीचं बसून जेवण मग रात्री, सासूबाईंना टेकायला खुर्ची मिळेल आणि पिझ्झाही मिळेल अशा ठिकाणी. त्यासाठी कान्नारेजोमध्ये ओर्मेसीनी आणि मिसेरिकोर्दिया हे कालव्याकाठचे रस्ते, दोर्सोदुरोत विद्यार्थ्यांच्या गर्दीचं सान्ता मार्गेरिता, किंवा कास्तेल्लोच्या पूर्व टोकाची वीया गारिबाल्दी हे भाग पाहा. सान मार्को आणि रिआल्तोपासून दहा-पंधरा मिनिटं चाललं की मेन्यूच्या खालच्या ओळीतले आकडे उतरू लागतात. पण दहा मिनिटं चालणं म्हणजे वाटेत तीन-चार पूल, प्रत्येकाला पायऱ्या. म्हणून जेवायची जागा घराजवळची निवडा, स्वस्त जागेच्या शोधात सासूबाईंना गावभर फिरवू नका. वापोरेत्तोचं, म्हणजे तिथल्या बससारख्या बोटीचं, एकवेळचं तिकीट माणशी साडेनऊ युरो आहे. पास नसेल तर बोटीने जाऊन स्वस्त जेवण शोधण्यात काही अर्थ उरत नाही.

पाणी विकत घेऊच नका. काम्पोंमध्ये लोखंडी नळ सतत वाहत असतात, ते पाणी पिण्याचं आहे, थंड आणि चांगलं. चौघांनी चार बाटल्या घरून आणा आणि दिसेल त्या नळावर भरा. मे महिन्यात चौघांना दिवसाला सहज सहा-सात लिटर लागतं, विकत घ्यायचं म्हटलं तर ती रक्कम एका बसून जेवणाच्या कोपेर्तोइतकी होते. रेस्तराँत मात्र नळाचं पाणी मागितलं तर काही जण देतात, काही देत नाहीत, तिथे एक मोठी बाटली घेऊन चौघांत पुरवायची. याच्याशीच जोडलेली एक गोष्ट: सार्वजनिक स्वच्छतागृहाला व्हेनिसमध्ये माणशी दीड युरो पडतात. तेवढ्यातच बारमध्ये एक एस्प्रेसो मिळते आणि गिऱ्हाईक म्हणून आतलं स्वच्छतागृह वापरता येतं. मी कॉफीच्या वेळा त्या हिशोबानेच ठरवते.

आता स्वयंपाकघर. तीन रात्री आणि सोबत अंडंही न खाणारी ज्येष्ठ व्यक्ती, म्हणजे हॉटेलऐवजी छोटं स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, हे माझं ठाम मत. रोज स्वयंपाक करायचा नाही, तीन रात्रींतली एक रात्र आणि तिन्ही सकाळी घरी. सासूबाईंना दिवसातून एकदा आपल्या चवीचं गरम काही मिळालं की त्यांचा प्रवास सुखाचा होतो आणि बाकीच्या वेळी त्या काहीही चालवून घेतात, हे मी पुनःपुन्हा पाहिलंय.

सकाळी रिआल्तोच्या भाजीबाजारात जा. रविवारी तो नसतो, मासळीबाजार सोमवारीही बंद. फळाला हात लावू नका, विक्रेत्याला दाखवा, तो निवडून देतो. मे महिन्यात सान्तेराझ्मो बेटावरचे आर्टिचोक आणि शतावरीचे कोंब येतात. विक्रेता चाकूने आर्टिचोकची पानं भराभर उडवतो आणि तळाची पांढरी चकती लिंबाच्या पाण्याच्या बादलीत टाकतो. त्या सोललेल्या चकत्या तशाच विकत मिळतात. त्या आणून लसूण, मीठ आणि ऑलिव्ह तेलावर झाकण ठेवून परतल्या की वीस मिनिटांत भाजी तयार, आणि ती भाताशीही लागते, पावाशीही. बाकी सामान सुपरमार्केटमधून: कूप, कोनाद, देस्पार ही नावं दिसतील. कान्नारेजोतलं देस्पार एका जुन्या चित्रपटगृहात आहे, भिंती-छतावरची चित्रं तशीच ठेवलेली. मुलाला दाखवा. तिथे पद्धत उलटी: फळं स्वतः निवडायची, पण हातात प्लास्टिकचा मोजा घालून. फळाच्या पाटीवरचा क्रमांक लक्षात ठेवायचा, तराजूवर ठेवून तो दाबायचा आणि चिकटपट्टी लावायची. हे न करता गल्ल्यावर गेलात तर मागची रांग खोळंबते. उकडलेल्या काबुली चण्यांचे डबे, तांदूळ, दही, दूध, टोमॅटोचा गाळलेला रस, पाव, केळी, एवढ्यात चौघांचं रात्रीचं जेवण अठरा-वीस युरोच्या आत येतं. मसाल्याची डबी घरची.

काय न्यायचं ते इथेच सांगते. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणून तूप, पेढे, बर्फी, पनीर किंवा मलई असलेली पाकिटं सामानात नकोत. सापडली तर काढून घेतात. ताजी फळं-भाज्याही, केळी-नारळ-अननस-खजूर अशी काही सोडून, नको. कोरडा मसाला, लोणच्याची छोटी बाटली चेक-इन बॅगेत, चहाची पूड, चिवडा आणि तेलाचे ठेपले पहिल्या दिवसापुरते, एवढं पुरे. पहिला दिवस मात्र ठेपल्यांचाच ठेवा. विमानातून उतरून दमलेलं कुटुंब पहिल्या संध्याकाळी हमखास महागडं जेवतं.

शेगडी का नको? हॉटेलच्या खोलीत स्वयंपाकाला बहुतेक ठिकाणी मनाई असते, आणि घर घेतलंत तर तिथे शेगडी असतेच. दुसरं म्हणजे इटलीतल्या घरांना वीज साधारण तीन किलोवॉटचीच जोडलेली असते. एसी, विजेची शेगडी आणि केटल एकदम लावली की सगळ्या घराचे दिवे जातात आणि मीटरचा खटका शोधत जिना उतरावा लागतो. छोटी केटल मात्र न्या, तिथल्या घरांत ती नसतेच कित्येकदा. आपला दोन गोल पिनांचा प्लग चालतो, तीन पिनांचा चालत नाही, अडॅप्टर लागतो.

आता हिशोब एकत्र मांडते. ज्या दिवशी बाहेर बसून जेवायचं: सकाळी घरचा चहा-पाव आणि बारमधली कॉफी मिळून बारा, दुपारी बाकारो आणि फोकाच्चा तीस, फळं पाच, जिलातो बारा, रात्री चार पिझ्झा, कोपेर्तो आणि पाणी मिळून पंचावन्न. एकशेचौदा. घरी जेवायच्या दिवशी: सकाळी आठ, दुपारी तीस, जिलातो बारा, रात्री वीस. सत्तर. दोन दिवस पहिल्यासारखे आणि एक दुसऱ्यासारखा धरला तर दोनशे अठ्ठ्याण्णव. तीन दिवसांचे तुमचे तीनशे आहेत. तुम्ही दोघं रोज वाइन किंवा स्प्रिट्झ घेणार असाल, किंवा मासे हवे असतील, तर यात बसणार नाही. तेव्हा घरची जेवणं दोन करा आणि वाचलेल्या पैशांत एकदा मासे खा. जिलातो घेताना ‘पिक्कोलो’, म्हणजे लहान, असं म्हणा आणि दरपत्रक दिसेल अशाच दुकानातून घ्या. न विचारता मोठा कोन भरून देणारी दुकानं चौकांच्या तोंडाशी असतात.

राहिलं मेस्त्रे. ते बेटांवर नसून मुख्य भूमीवर असलेलं साधं इटालियन गाव आहे, व्हेनिसपासून रेल्वेने दहा मिनिटांवर, तिकीट दीड युरोच्या आसपास. राहणं स्वस्त, जेवणाचे दर सामान्य माणसाचे, आणि स्टेशनसमोरच्या वीया पियावेच्या भागात बांगलादेशी लोकांची वस्ती मोठी असल्याने डाळ, तांदूळ, आटा, हिरव्या मिरच्या सगळं मिळतं. जेवणाचा खर्च तिथे हमखास कमी होतो. पण सासूबाईंचं दुपारी घरी येऊन पडणं तिथून अवघड आहे आणि रात्री आठनंतर, दिवसाची गर्दी ओसरल्यावर दिसणारं व्हेनिस हातचं जातं. तुमच्या भाड्यातला फरक रात्रीला पन्नास युरोंहून कमी असेल तर मी कान्नारेजोत, स्टेशनपासून फार पूल चढावे लागणार नाहीत असं, तळमजल्याचं किंवा लिफ्टचं घर घेईन. फरक त्याहून मोठा असेल तर मेस्त्रेत स्टेशनजवळ स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, रात्रीचं जेवण रोज तिथेच करा, आणि तीनपैकी एका संध्याकाळी मात्र व्हेनिसमध्ये जेवून शेवटच्या गाड्यांपैकी एकीने परता. घर ठरवण्याआधी मालकाला तीन गोष्टी विचारा: दारापर्यंत किती पूल, आत किती पायऱ्या, आणि स्वयंपाकघरात झाकणाचं पातेलं आहे का.